पुनवेआधीची आगबोट

मोरू तांडेलाने उभ्या जन्मात दोनच डोंगर मनावर घेतले. एक महालक्ष्मीचा. डहाणूचा किनारा दिसेनासा झाला तरी त्याचा सुळका दर्यातून दिसत राहतो, आणि त्याच्यावर नजर ठेवून होड्या घरी परततात. दुसरा आफ्रिकेतला केनिया पर्वत. तो डहाणूतल्या कोणी पाहिलेला नव्हता.

हा दुसरा डोंगर घरात आला चंदरमुळे. चंदर म्हणजे मोरूच्या मेव्हणीचा मुलगा. रेल्वेच्या कारखान्यात फिटरकाम शिकला आणि पोटासाठी थेट नैरोबीला गेला. सत्तावन्न साली त्याने कळवले की आपली बदली एका लहानशा स्टेशनावर झाली आहे, स्टेशनाचे नाव नारो मोरू, आणि आभाळ उघडले की क्वार्टरच्या खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसतो. वेणूने हे वाचून दाखवले तेव्हा मोरू जाळे विणत होता. त्याचा हात थांबला.

“नाव परत वाच.”

“नारो मोरू.”

मोरूच्या बापाचे नाव नारू. मोरू बराच वेळ हसत राहिला. “आधी बाप, मग मुलगा. नाव लावायची रीत आपल्याहून उलटी आहे, पण माणसं आपल्यातलीच दिसतात. आणि बर्फ कुठून आणतात तिथे? कारखाना आहे?”

“आभाळातून पडतो, बाबा. विषुववृत्तावर, आणि तरी बारा महिने.”

चुलीपाशी बसलेल्या शांतीने मान वळवली. मासळी मुंबईला धाडायची तर बर्फाच्या लाद्यांसाठी तिला दर खेपेस कारखानदाराच्या विनवण्या कराव्या लागत. “बारा महिने पडतो? आणि विकत कोण नाही?” असे म्हणून ती पुन्हा चुलीकडे वळली. तिच्या बाजूने विषय तिथे संपला.

बापलेकीच्या बाजूने तो तिथे सुरू झाला.

वेणू तेव्हा तलासरीला शाळेत शिकवत होती. शनिवारी दुपारी एस.टी.ने घरी यायची, सोमवारी पहाटे परत जायची. तिने शाळेतला जुना नकाशासंग्रह मागून आणला, मुंबईच्या एका वाचनालयातून पुस्तके मागवली. शनिवारी जेवण झाले की दोघे ओट्यावर बसत. वेणू वाचायची, समजावून सांगायची. मोरू विचारायचा ते सगळे दर्यावरच्या माणसाचे प्रश्न. वारा कुठून येतो? गोडं पाणी कुठे मिळतं? वाट चुकली तर कशावर नजर ठेवायची?

त्या डोंगराभोवतीचे रान सरकारने राखून ठेवले आहे, हे त्याला फार नवलाचे वाटले. आत वस्ती करायची नाही, झाड तोडायचे नाही, जनावर मारायचे नाही. खाली दाट जंगल, त्यात हत्ती आणि रानरेडे. मग बांबूचे बन. मग उघडा माळ, आणि त्या माळावर माणसाहून उंच झाडे, कोबीचा गड्डा खांबावर बसवावा तशी. त्याच्याही वर नुसता दगड आणि बर्फ.

“राष्ट्रीय उद्यान म्हणतात त्याला,” वेणू म्हणाली.

“आणि तिथे जाऊन लोक करतात काय?”

“बघतात.”

“नुसतं?”

“नुसतं.”

मोरूने विडी विझवली. “बरं आहे. आपण जन्मभर दर्यातनं काढतच आलो. एकदा कुठेतरी जाऊन नुसतं बघून यावं.”

बेत ठरला तो त्या संध्याकाळी. शांतीने ऐकले आणि शेजारच्या हिरीला सांगितले, “आमच्याकडचा बेडूक झाडावर चढायचा म्हणतो.”

पण जाणे पुढे पुढे गेले. आधी तिकडे इंग्रजांविरुद्ध लढा चालू होता, रान लोकांना बंद होते. ते उघडले त्या वर्षी होडीच्या फळ्या बदलायला निघाल्या. मग मोरूच्या डोळ्यावर पडदा आला, तो काढला. दरम्यान त्यांनी सराव मात्र केला. मोरूचे म्हणणे, जन्मभर डोलत्या फळीवर उभा राहिलेला माणूस, उभ्या चढावर पाय काय करतील कोणास ठाऊक. म्हणून एका थंडीत दोघे महालक्ष्मीच्या डोंगरावर गेली. वाट सरळ वर जात होती. मोरू मात्र वाट सोडून आधी डावीकडे तिरका गेला, मग वळून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. समोरून वारा असला की होडी अशीच न्यायची असते. दुसरी रीत त्याला माहीतच नव्हती. वरून गवताचा भारा घेऊन उतरणारा गंजाड गावचा लक्ष्या थांबून बघत राहिला.

“तांडेल, हरवलंय काय?”

“काही नाही. वारा समोर आहे.”

“डोंगराला वारा लागत नाय. पाय लागतात.”

मोरू वर पोचला, पण दुप्पट चालून. वर बसून त्याने दर्याकडे पाहिले. होड्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. “आम्ही खालून ह्याला बघतो,” तो म्हणाला, “हा आम्हांला असं बघतो होय.”

त्रेसष्टच्या आश्विनात त्याला ताप आला. साधा वाटला. दिवाळीच्या आधी मोरू गेला.

वेणूने नकाशासंग्रह शाळेच्या कपाटात ठेवून दिला. शनिवारी ती येत राहिली, पण जेवणानंतर ओट्यावर बसायचे की आत निजायचे हे तिला ठरवता येईना. वाचन मात्र सुटले नाही. पुस्तक संपल्यावर ते कोणाला सांगायचे हा प्रश्न उरायचा. त्या वर्षी घरात सण नव्हता. संक्रांतीला, होळीला भावकीतल्या बायका ताटावर फडके घालून गोड आणून द्यायच्या, उंबऱ्याशी ठेवायच्या आणि जायच्या. शांती ताटे धुऊन परत करायची. दोघी एकमेकींशी नीट वागत, आणि मोरूचे नाव काढत नसत.

वैशाखात चंदरचे पत्र आले. राज्य तिकडच्या लोकांच्या हाती आले होते, रेल्वेत त्यांची माणसे भरणे चालू होते, आणि ते रास्तच होते. त्याची नोकरी सप्टेंबरअखेर संपणार, मग तो कायमचा परत येणार. तोवर क्वार्टर आहे. पाऊस तिकडे आपल्यासारखा नाही, आपल्या श्रावणभाद्रपदात डोंगर उघडा असतो. ये, आणि मावशीला घेऊन ये.

वेणूने ते तलासरीच्या स्टँडवर उभ्या उभ्या वाचले. हद्दीवरच्या अच्छाडकडे जाणारे ट्रक समोरून धूळ उडवत गेले. तिला एकदम जाणवले की तिला जायचे आहे. बाबांसाठी नव्हे, किंवा नुसते त्यांच्यासाठी नव्हे. सहा वर्षे दोघांनी मिळून एक वस्तू घडवली होती आणि ती अर्धी टाकून देणे तिला सोसेना. पण आईला ह्या वर्षात एकटी टाकून ती जाणार नव्हती. शेजारणी उंबऱ्याशी ताट ठेवणार आणि आत आई एकटी बसणार, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. जायचे तर दोघींनी, नाही तर कोणीच नाही.

पासपोर्टच्या फोटोसाठी तिने आईला मुंबईला नेले ते ससून डॉकचा मासळीबाजार दाखवते म्हणून. शांती बाजारात तासभर हिंडली, पापलेटांच्या भावावरून एका अनोळखी बाईशी वाद घालून आली, आणि फोटोसाठी एक मिनिट बसली. पासपोर्ट हातात आला तेव्हा म्हणाली, “केलास ना? आता ठेव ट्रंकेत. तू जा. मी कशाला?”

“एकटीला सोडून मी जाणार नाही.”

“मी काय लहान आहे? आणि सुकटीचं कोण बघणार?”

“पावसात सुकट कोण घालतं, आई?”

“कोंबड्या आहेत.”

ह्या बोलण्याला अर्थ नाही हे दोघींना कळत होते. खरे कारण शांती सांगत नव्हती, आणि वेणूला विचारायचे धैर्य होत नव्हते.

त्यात आगबोटीची तारीख आली. मुंबईहून मोंबासाला जाणारी, चंदरचा मुक्काम हलण्याआधी पोचवणारी एकच बोट होती, आणि ती नारळीपुनवेच्या चार दिवस आधी सुटत होती. पुढची बोट धरली तर त्या पोचतील तेव्हा चंदर ट्रंका बांधत असेल. वेणूने तारीख आईला सांगितली, आणि आईने कोणाला सांगितली कोण जाणे, दुसऱ्याच दिवशी दुपारी जिव्याकाका आला.

जिव्या मोरूचा चुलतभाऊ. मोरूमागे होडीचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, तोच. उघडीप होती, वाळूवर होड्या शाकारून ठेवलेल्या होत्या आणि माणसे ओट्याओट्यावर जाळी दुरुस्त करत होती. काका पडवीत बसला, वेणूने दिलेला चहा बशीत ओतून प्यायला, बशी पुसल्यासारखी रिकामी केली. शांती समोर सुपात जवळा निवडत होती.

“वेणूबाय, पुनवेआधी जाते म्हणे.”

“हो, काका. त्याच बोटीचं जमतंय.”

“नारळ पडायच्या आधी आपल्या घरचं माणूस दर्यावर पाय ठेवत नाही. हे तुला मी सांगायचं?”

वेणू ह्यासाठी तयार होती. वाऱ्यांची नावे, त्यांची वळणे, सगळे तिने वाचलेले होते. “काका, पुनवेपर्यंत थांबतात ते नैऋत्येचा वारा पडावा म्हणून. शिडाच्या होडीला ते बरोबरच आहे. पण ही लोखंडाची आगबोट. मुंबईहून पावसाळाभर बोटी सुटतात.”

“सुटू देत. त्या बोटवाल्यांचं दर्याशी काही देणंघेणं नाही. आपलं आहे.” मग तो जरा मऊ झाला. “तू शिकलेली, तू बरोबरच बोलत असशील. पण हे माझ्या खलाशांना सांग जाऊन. पुनवेनंतर होड्या लोटल्या, आणि पहिल्या खेपेला जाळं फाटलं, कोणाच्या पायाला आकडा लागला, की ते तुम्हां दोघींचं नाव घेणार. मी काय बोलू? तू परत तलासरीला जाशील. वयनीला इथे राह्यचंय, मासळीची पाटी घेऊन त्यांच्याच होड्यांपुढे उभं राह्यचंय.”

पुस्तकातला वारा खरा होता, आणि खलाशांची तोंडेही खरी होती. तिने मनात बोट सोडून दिली. चंदरला काय लिहायचे ह्याचे पहिले वाक्यही जुळवायला घेतले.

“भावजी,” शांती सुपातून मान न उचलता म्हणाली, “नारळ कोणाच्या नावानं टाकतात?”

“घराच्या. ज्याच्या त्याच्या घराच्या.”

“ह्या पुनवेला आमच्या घराचा पडेल?”

काकाला हे विचारायचे कारण कळेना. “कसा पडेल, वयनी? वर्ष फिरलं नाही अजून.”

“तूच होळीला सांगून गेलास ना, ‘वयनी, औंदा तुमच्या घरचं काही नाही, ना होळीला, ना दर्याला.’”

“हो. रीतच आहे ती.”

“मग आम्हांला पुनव कुठली?” शांतीने सूप खाली ठेवले. “ज्याचा नारळ पडायचा आहे त्यानं पडेपर्यंत थांबावं. आमचा पडायचाच नाही. आम्हांला त्याच्या आधी काय नि नंतर काय?”

बाहेर कोणाचा तरी कोंबडा अवेळी आरवला.

“असं कोणी कधी बोललं नाही,” जिव्या म्हणाला.

“असं कोणी कधी आफ्रिकेला गेलं नाही.”

“तसं नव्हे, वयनी. नारळ नाही म्हणजे थांबायचं. पुढच्या पुनवेपर्यंत.”

“म्हणजे वर्षभर दर्या आम्हांला बंद?”

“तसंच की.”

“मग पुनवेनंतर तुझ्या होडीची मासळी माझ्या पाटीत कशी घालशील? ती काय महालक्ष्मीच्या डोंगरावरनं येते? गेली दिवाळी झाल्यापासनं घालतोयस. तेव्हा नाही आठवलं दर्या बंद आहे ते.”

वेणूने ओठ आवळून धरले. जिव्याने तिच्याकडे पाहिले, मग शांतीकडे, आणि त्याच्या मिशीखाली हसू आले ते त्याला दाबता येईना. “मोरूदादा म्हणायचा,” तो म्हणाला, “तांडेल मी होडीवर. उंबऱ्याच्या आत आलो की खलाशी.”

मोरूचे नाव घरात निघाले होते. शांतीने पदर सारखा केला, पण तोंड वळवले नाही.

जिव्याने रिकामी बशी बाजूला सारली. तो आडमुठा नव्हता. त्याला खलाशांपुढे उभे राहून सांगता येईल असे काहीतरी हवे होते, आणि ते आता त्याच्या हाती आले होते. “एक मात्र करा,” तो म्हणाला. “बोटीवरनं दर्यात काही टाकायचं नाही. फूल नाही, तांदूळ नाही, काही मागायचंही नाही. ह्या वर्षी तुमचा त्याच्याशी व्यवहार नाही. हात जोडायचे आणि गप बसायचं. मग कोण काही म्हणाला तर मी बघीन.”

“चालेल,” शांती म्हणाली. “मला त्याच्याशी बोलायचं नाहीच आहे अजून.”

हे तिने इतक्या सहज म्हटले की जिव्या उठून, चपला पायात घालून अंगणात गेल्यावरच त्याचा अर्थ वेणूच्या ध्यानात आला. मोरूला दर्याने नेले नव्हते, तापाने नेले होते. पण चाळीस वर्षे ज्याची वाट बघत ती किनाऱ्यावर उभी राहिली, तो गेल्याचा राग धरायला तिच्याजवळ दर्याखेरीज दुसरे कोण होते?

“आई,” वेणूने विचारले, “म्हणजे तू येतेस?”

“एवढा वेळ मी काय जिव्याच्या करमणुकीला बोलत होते?”

“मग इतके दिवस नाही का म्हणत होतीस?”

शांतीने पुन्हा सूप घेतले. जवळ्यातले खडे, काड्या वेचता वेचता बोलू लागली. “सहा वर्षं तुम्ही दोघं त्या ओट्यावर बसायचात. हत्ती काय, बांबू काय. मी आत भांडी घासायचे. एकदा तरी विचारलंत, शांते, तुला काय बघायचंय?”

ओट्यावर तिसऱ्या माणसाला जागा होती. त्यांनी ती कधी करून दिली नव्हती, आणि हे तिला आज, बत्तिसाव्या वर्षी, कळत होते.

“तो गेला. आता त्याच्या जागेवर बसवून मला न्यायला निघालीस. मला नाही जायचं कोणाच्या जागेवर.”

“नको जाऊ,” वेणू म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, “काय बघायचंय तुला?”

शांतीला उत्तर शोधावे लागले नाही. “बोट लागते त्या गावात मासळीबाजार असेल ना?”

“मोंबासाला? असणारच.”

“तो. तिथे मासळी बायका विकतात की बाप्ये, ते बघायचंय. मांडतात कशी, कापतात कशी. बांगड्याला काय म्हणतात. तुझा बापूस चाळीस वर्षं मासळीवर जगला, नि एवढा आफ्रिकेपर्यंत बेत केला त्यात एक मासा नाही.”

वेणूला हसू आले. कित्येक महिन्यांनी आले. “दोन दिवस राहू मोंबासाला. मग गाडी धरू.”

“तीन. पहिला दिवस बघण्यात जातो. भाव दुसऱ्या दिवसापासून कळायला लागतो.”

“तीन. आणि डोंगर?”

“बघू की. नुसतंच बघायचं असतं ना, मग मलाही येईल. पण चढणार नाही मी. दारापाशी बसेन, तू ये जाऊन.”

“दाराच्या आत हत्ती असतात, आई.”

“मग बाहेर बसेन.”

वेणू कागद आणायला उठली. जुना बेत तिला तोंडपाठ होता, पण आता तो पहिल्यापासून मांडावा लागणार होता. बाजाराचे तीन दिवस, मग गाडी, मग चंदरचे घर. वर बांबूच्या बनापर्यंत तिने एकटीने चालायचे आणि संध्याकाळी खाली येऊन आईला सगळे सांगायचे. सांगायला कोणीतरी असणार होते. ह्या विचाराने ती दारातच क्षणभर थांबली.

तेवढ्यात कुडापलीकडे हिरी धुणे वाळत टाकायला आली. शांतीने बसल्या जागेवरून आवाज दिला. घराबाहेर ऐकू जाईल एवढा तिचा आवाज वेणूने आश्विनापासून ऐकला नव्हता.

“हिरी, ऐकतेस काय गो? पुनवेच्या आधी आम्ही दोघी जातोय. कोंबड्या तुझ्याकडे. अंडी खा, पण त्या तांबडीला कापू नकोस.”

“जाताय कुठे? उंबरगावला, बहिणीकडे?”

“नाही गो,” शांती म्हणाली. “त्याच्या जरा पुढे.”